कडक मावशीची सही

पाहुण्यांच्या चौदा झग्यांवरच्या सगळ्या चुण्या मी एका दुपारीत सपाट करवून घेतल्या. करवून घेतल्या म्हणतो, कारण इस्त्री माझ्या हातात नव्हती. माझा होता तो फक्त आगाऊपणा.

झालं असं. आमच्या शहराची समुद्रापलीकडच्या एका शहराशी बारा वर्षांपूर्वी सोयरीक जुळली. कागदावर तिला ‘भगिनी शहर’ म्हणतात. एका वर्षी बहीण आमच्याकडे येते, दुसऱ्या वर्षी आम्ही तिच्याकडे जातो. आम्ही म्हणजे नगराध्यक्ष, सभासद आणि सभासदांचे मेहुणे. ती येते तेव्हा मात्र सगळं गाव कामाला लागतं. शाळांची समूहगाणी होतात, दोन्हीकडचे चित्रकार मिळून एखादी भिंत रंगवतात आणि शेवटच्या दिवशी नगरभवनात पाहुण्यांचा नाच असतो. त्या भवनाच्या कार्यालयात मी अकरा महिन्यांच्या करारावर कारकून. लहान गावातल्या शाळेत शिकलो. तिथं गणित जेमतेम शिकवलं, पण पाहुण्यासमोर चुरगळलेलं काही जाऊ द्यायचं नाही हे छडी मारून शिकवलं.

नाचाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांची पेटी आली. उघडून बघतो तर आत झगे ओला टॉवेल पिळून ठेवावा तसे पीळ घालून, वर दोरीनं आवळून बांधलेले. मला बिचाऱ्यांची दया आली. एवढा लांबचा प्रवास, कपड्यांचा पार बोळा झालेला. पेटी सांभाळणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या. मी चौदाच्या चौदा झगे उचलले आणि कडक मावशीकडे नेले.

मावशीचं दुकान भवनाच्या मागच्या जिन्याखाली, बावीस वर्षांपासून. जिन्यामुळे छत उतरतं: एका टोकाला सात फूट, दुसऱ्या टोकाला तीन. सात फुटांत मावशी उभी राहून इस्त्री करते, तीन फुटांत तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, बसून घड्या घालतात. पूर्वी उलट होतं. काकांचा खांदा निकामी झाला त्या दिवशी दोघांनी जागा बदलल्या. काका म्हणतात, तेव्हापासून घरातल्याही बदलल्या. मावशी म्हणते, घरातल्या आधीपासूनच तशा होत्या.

‘कडक’ हे नाव इस्त्रीवरून पडलं की जिभेवरून, यावर कार्यालयात दोन पक्ष आहेत. एकदा नगराध्यक्षांच्या कोटावर डाग पडला, तर ही कोट घेऊन स्वतः वर गेली आणि म्हणाली, हा डाग माझा. पुढे त्याच कोटाला कुणाच्या तरी सिगारेटनं भोक पडलं आणि बोट हिच्याकडे वळलं, तेव्हा तितक्याच थंडपणे म्हणाली, हे भोक माझं नाही. दोन्ही वेळा आवाजाची पट्टी तीच होती.

तर मावशीनं एक झगा सोडला, उजेडाकडे धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

“अरे शहाण्या, या सुरकुत्या नव्हेत. या कुणीतरी बसून घातल्यात. जा, विचारून ये.”

विचारायचं कसं? दुभाषा नगराध्यक्षांबरोबर धरण बघायला गेलेला. मला तर पाहुण्यांशी हसण्यापलीकडे काही बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही फार खोलात जाता, करा सपाट. तिनं आणखी एकदा विचारलं. मी आणखी एकदा शहाणपणा केला. संध्याकाळी चौदा झगे पुठ्ठ्यासारखे घडी होऊन पेटीवर विराजमान झाले आणि मी स्वतःच्या आतिथ्यावर खूश होऊन घरी गेलो.

सकाळी पेटीवाल्या बाईंनी घडी उलगडली. साठीच्या, ठेंगण्या, कानाला पेन्सिल लावलेल्या. त्या ओरडल्या नाहीत. झगा मांडीवर घेऊन खाली बसल्या आणि त्यांच्या भाषेत एकच शब्द चार-पाचदा म्हणाल्या. दुभाष्यानं त्याचा अर्थ सांगायचं टाळलं. एवढं मात्र सांगितलं, की एका झग्याला साठ चुण्या, सगळ्या हातानं घातलेल्या. ओल्या कापडाला पीळ घालून दोन दिवस सावलीत वाळवायच्या. नाच संध्याकाळी सहाला होता.

समारंभ अधिकारी साहेबांनी मला आणि मावशीला खोलीत बोलावलं. साहेब घाईत असले की टाय सैल करतात. आज टाय टेबलावरच होता. टायशेजारी टाइप केलेलं माफीपत्र होतं: इस्त्री करणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला असून आयोजकांचा त्याच्याशी संबंध नाही. खाली सहीची जागा. पाहुण्यांसमोर व्यासपीठावरून वाचायचं होतं.

मावशीनं माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली. अशा नजरेसमोर बूट फार बघावेसे वाटतात. शेवटी मीच म्हटलं, साहेब, मावशीनं दोनदा अडवलं होतं, सपाट करा म्हणून मी सांगितलं.

साहेबांनी मला समजावलं. मी कर्मचारी, म्हणजे माझी चूक ती कार्यालयाची चूक. आणि कार्यालयाची चूक झाली असं पत्र कार्यालयच कसं काढणार? तेव्हा चूक बाहेरच्याची असायला हवी आणि बाहेरची अशी ही एकच बाई आहे. सही केली तर विषय संपला. नाहीतर जिन्याखालची जागा रिकामी करण्याची नोटीस तयार आहे.

मावशीनं चष्मा लावून पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“काम तिघांनी केलं, साहेब. यानं सांगितलं, मी केलं, आणि पाहुण्यांचं सामान कुणी कसं हाताळायचं ते तुम्ही कुणाला सांगितलंच नाही. तीन सह्यांचा कागद आणा, मधली सही माझी.”

साहेब म्हणाले, निदान आता गाजावाजा तरी नको. मागच्या गोदामात बसून गुपचूप काय जमेल ते करा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मुठी झाकून चुण्या पडत नाहीत,” मावशी म्हणाली आणि निघाली.

जिन्याखाली काकांनी हात जोडले. अगं, सही कर, एका सहीनं काय होतं? या वयात कुठं नवी जागा शोधायची? त्यांचं खोटं नव्हतं. त्या सात फुटांवर दोन बिऱ्हाडं चालत होती, त्यांचं आणि लेकीचं. लेक दवाखान्यात झाडूपोछा करते, तिच्या मुलीची फी जिन्याखालून जाते. मावशीनं त्यांच्या हातात पाणी फवारायची बाटली दिली. “सही केली, तर उद्या कुणाचंही काही जळालं तरी माझंच असणार. मग ही जागा राहून करायची काय?” एवढं बोलून ती सरळ पाहुण्यांच्या खोलीत गेली.

दुभाषा पुन्हा नगराध्यक्षांना वाहिलेला. मावशीनं झगा दाखवला, इस्त्री दाखवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग मला दंडाला धरून पुढे ओढलं आणि माझ्या छातीवरही ठेवला. पेटीवाल्या बाईंनी दोघांना आळीपाळीनं बघितलं. माझ्याकडे जास्त वेळ. मग उठल्या, बादलीत पाणी काढलं आणि एक झगा बुडवला.

पीळ घालायला झग्याच्या लांबीचं टेबल लागतं. जिन्याखाली ते मावेना, गोदामात अंधार. मावशी म्हणाली, पुढच्या दारात उजेड छान आहे. पुढच्या दारात लाल गालिचा होता, स्वागताच्या कुंड्या होत्या आणि दोन्ही शहरांची नावं लिहिलेली कमान होती. काकांनी आणि मी टेबल नेऊन बरोबर कमानीखाली ठेवलं. काकांचा एकच खांदा चालत होता आणि तोंड दोन्ही खांद्यांचं चालत होतं: बुडालो, आता पार बुडालो.

पेटीवाल्या बाई नखानं चुणी धरायच्या, बोटाच्या पेराएवढी, आणि पुढची तिच्यावर बसवायच्या. मावशीनं पहिला झगा केला तो त्यांनी सगळा सोडला. दुसराही सोडला. तिसऱ्याला पेन्सिलीनं मोजत गेल्या आणि तो न सोडता पुढचा घेतला. मावशी मला हळूच म्हणाली, पास झाले.

पण वाळायचं काय? पेटीवाल्या बाईंनी सूर्याकडे बोट करून नाही अशी मान हलवली. तेव्हा मावशीनं पिळाभोवती कोरडं सुती फडकं गुंडाळलं, इस्त्री तापवली आणि न रगडता नुसती टेकवत गेली. वाफ निघाली. फडकं बदललं, पुन्हा टेकवली. अर्ध्या तासात पीळ कोरडा. पेटीवाल्या बाईंनी तो गालाला लावून बघितला, मग ती इस्त्री उचलून तिचं वजन बघितलं.

समूहगाण्याच्या मुलांना घेऊन आलेल्या बायका थांबून टोकं धरायला लागल्या. साहेब धावत आले. इथून निमंत्रित येणार, इथून भगिनी शहराचे प्रमुख येणार, आणि इथं धोबीघाट?

मावशीनं मान वर केली नाही. “येऊ देत की. बहिणी-बहिणींचा समारंभ म्हणता. मग बहिणी बसून काम करताना दिसल्या तर बिघडलं कुठं?”

टोकं धरलेल्या बायका हसल्या. साहेबांनी कुंडी जरा सरकवली, जणू त्यासाठीच आले होते, आणि गेले.

सहापर्यंत नऊ झगे झाले. पाच सपाटच राहिले. मला वाटलं, त्या पाचजणी मागच्या रांगेत जातील. पेटीवाल्या बाईंनी त्यांना पुढं उभं केलं. पडदा उघडला तेव्हा पुढं पाच झगे अंथरलेल्या चादरींसारखे फिरत होते आणि त्यांच्यामागं नऊ झगे मिटत होते, उघडत होते. कुणालाही फरक कळावा, असा कळत होता. टाळ्या मात्र दोन्हींना पडल्या.

मग साहेबांचं भाषण. माफीपत्र त्यांच्या कागदांतच होतं, सहीशिवाय. ते वाचायचं त्यांनी ठरवलेलं मला ठाऊक होतं. पण पाहुण्यांच्या रांगेत पेटीवाल्या बाईंनी मावशीला हाताला धरून शेजारी बसवलं होतं. साहेब त्या कागदाशी आले आणि त्यांनी वर बघितलं. मावशी त्यांच्याकडे बघत होती, कोटाच्या वेळी नगराध्यक्षांकडे बघितलं असेल तशीच. साहेब घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी पान उलटलं.

नोटीस तरीही आली, चौथ्या दिवशी: पंधरा दिवसांत जागा सोडावी. इस्त्री किती तापली ते मावशी आधी रद्दी कागदावर टेकवून बघते. नोटिशीचा कागद जाड होता, महिनाभर पुरला. पंधरा दिवस कधीच उलटून गेले, साहेबांच्या सहीवर इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलंय आणि सात फुटांत मावशी उभी आहे.

राहता राहिली ती बस सुटतानाची गोष्ट. पाहुणे निघाले त्या सकाळी पेटीवाल्या बाईंनी एक झगा सोडून चुण्या पुन्हा मोजल्या, मावशीनं घातलेल्या. मोजून एक बोट वर केलं. साठ हव्यात, एकोणसाठ भरल्या. मावशीनं हात पुढं केला, आत्ता घालून देते म्हणून. बाईंनी झगा मागं ओढला, दोरीनं बांधला, पेटीत टाकला, आणि ते बोट बसच्या खिडकीतून वळणापर्यंत तसंच वर धरलं.

या वर्षी जायची पाळी आमची. यादी मी टाइप करतो. मेहुण्यांच्या खाली मावशीचं नाव घातलं, साहेबांनी खोडलं. पुन्हा घातलं, पुन्हा खोडलं. मावशीला सांगितलं तर म्हणाली, त्यांच्याकडे शाई जास्त की तुझ्याकडे? काल तिसऱ्यांदा घातलंय. तिकडं एक चुणी द्यायची आहे. अजून दिलेली नाही.