विड्यांची मजुरी
भिजवलेल्या तेंदूपानांचा वास आला की मला करडी गावातल्या मित्राचं अंगण आठवतं. त्याला कॅन्सर झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला खर्च घरादाराच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि सरकारी मदतीचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हिशेब चुकत नाही. तो खाटेवर पडला होता. त्याची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, तंबाखूचा भुगा उन्हात उडत होता, आणि मी विचारीन ते ती सांगत होती. धानाचे किती आले, त्याची मजुरी किती. मग मी विड्यांची मजुरी विचारली तेव्हा तिचे हात थांबले. "भाऊजी, हे पण लिहा लागते का? हे तर मीठ-मिरचीचे पैसे आहेत." मी म्हणालो, "कमाई ती कमाई, वहिनी." तहसीलचा बाबूही हसला होता, "काकाजी, विड्या कायले मोजून राहिले? खोडून टाका." मी खोडलं नाही. महिन्याभरानं अर्ज परत आला. उत्पन्न मर्यादेपेक्षा अठराशे रुपयांनी जास्त भरलं होतं. मित्राला सांगितलं तर तो खोकत खोकत हसला, "म्हणजे मी अठराशेनं श्रीमंत झालो! पार्टी देऊ का बे तुले?" दुसरा अर्ज मंजूर व्हायच्या आधीच तो गेला. वहिनी अजूनही मला भाऊजी म्हणते, चहा विचारते. मी अर्ज फुकट भरून देतो, हे तिला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात निराधार योजनेचा अर्ज मात्र तिने चौकातल्या झेरॉक्सवाल्याला पन्नास रुपये देऊन भरून घेतला.