डोंगरातल्या गाडीचे रूळ

"रूळ काय, कुठलेही चालतात गं आई. गाडी फिरली म्हणजे झालं."

मंदारदादा काकूंना सांगत होता. मी काकूंनी मागितलेली परात घेऊन त्यांच्या दारात उभी होते. गणपती चार दिवसांवर आले होते. पलंग भिंतीला उभा केला होता आणि खोलीच्या मधोमध काकांचा डोंगर होता. जाळी, वर्तमानपत्रं आणि प्लास्टरचा. दादाने आणलेल्या नव्या, तयार वळणाच्या रुळांचा खोका शेजारी उघडा पडला होता.

कुठलेही रूळ चालतात, असं काकांसमोर कोणी म्हणायला धजलं नसतं. रूळ निवडायचे असले की काका गॅलरीत पालथे पडत, गाल लादीला टेकवत आणि एक डोळा मिटून समोर ठेवलेल्या रुळाच्या तुकड्याकडे बघत राहत. पाणी भरायला निघालेली माणसं त्यांना ओलांडून जात. "काय काका, सिग्नल नाही मिळाला अजून?" असं कोणीतरी विचारायचंच. "मिळाला की तुलाच आधी उडवीन," काका पडल्या पडल्याच म्हणत. गिरगावातल्या आमच्या अख्ख्या वाडीत त्यांचं नाव नॅरोगेज काका. जन्मभर एका कंपनीत नकाशे काढले, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून दरवर्षी घरच्या गणपतीपुढे डोंगर आणि त्याभोवती फिरणारी माथेरानसारखी छोटी गाडी.

"आधी रूळ, मग गाडी. लोक उलट करतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी स्वतःही पहिल्यांदा उलटच केलं होतं, ते काकू सांगत. गाडी आवडली म्हणून आणली आणि दुकानदाराने दिले ते रूळ तिच्याखाली घातले. दोन रुळांमधलं अंतर बरोबर होतं, गाडी धावतही होती. पण रुळांखालच्या आडव्या फळ्या, म्हणजे स्लीपर, बारीक आणि दाट, मेन लाइनसारखे. कोणाच्या लक्षात यायचं नाही. काका मात्र आरतीच्या वेळीसुद्धा तिकडेच बघत. "डोंगरातली गाडी गरीब असते. तिच्याखाली एवढे स्लीपर कोण घालणार?"

माझा यात शिरकाव झाला तो इंग्रजीमुळे. मी कॉन्व्हेंटची, आणि वाडीत फारसं कोणाशी बोलत नसे. त्यावरून मुलं मला 'मॅडम' म्हणत. काकांना परदेशातल्या हौशी लोकांचं इंटरनेटवरचं लिखाण वाचून हवं होतं. मी मोबाइलवर वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि काका इथे बसून त्यांच्याशी भांडायचे. वळण जरा मोठं ठेवा, असं एकाने कळवलं, तेव्हा काकांनी खिडकीपासून कपाटापर्यंत हात फिरवला. "त्यांना लिही, भिंत शेजाऱ्यांची आहे. पाडली तर तू उघडी पडशील." शेजारी म्हणजे आम्हीच. मी ते खरोखर लिहिलं. त्या गृहस्थांनी वळण लहानच ठेवा म्हणून उत्तर पाठवलं.

तयार वळणाचे रूळ म्हणूनच बाद झाले. त्यांचं सगळ्यात लहान वळणही डोंगराच्या कुशीत मावेना. मग लांब, हवे तसे वाकणारे रूळ आले. त्यांचेही स्लीपर दाटच होते, पण ते एकमेकांपासून सोडवता येत होते. स्लीपरांना जोडणारी प्लास्टिकची पट्टी मी ब्लेडने कापायची, काकांनी एकाआड एक स्लीपर काढून टाकायचा, आणि उरलेले मी सरकवून लांब लांब बसवायचे. मी ते मोजपट्टी लावून अगदी काटकोनात बसवले. काकांनी बोटाने त्यातले दोनतीन तिरके केले. "इतकं शाळेतल्यासारखं नको. डोंगरात माणसं काम करतात, पाऊस पडतो, दगड सरकतात."

माझ्या गप्प बसण्याबद्दल वाडीत प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असे. काका एकदाच बोलले. रुळांना कोणता रंग द्यावा म्हणून त्यांनी दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले होते. मी बराच वेळ नुसती बघत बसले, तशी त्यांनी त्यातला एक उचलला. तो मला आवडला नव्हता, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं. "हे बघ, तू गप्प बसलीस की मी पसंत आहे असं धरतो. बाकीचं नाही बोललीस तरी चालेल. नको असेल तेव्हा तेवढं नको म्हण." मी नुसती नाही अशी मान हलवली. त्यांनी तो तुकडा खाली ठेवून दुसरा उचलला. मी तोंडाने काहीच म्हटलं नव्हतं.

रूळ तयार झाले. आम्ही ते जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले, गणपती जवळ आले की बसवायचे म्हणून. त्याआधीच काका गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी संपलं. त्या वर्षी काकूंनी गणपती आणला, पण आरास केली नाही. डोंगर पलंगाखाली गेला. धोतराकडे कोणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं. त्यात काय आहे ते काकांना आणि मलाच ठाऊक होतं.

या वर्षी मंदारदादा मुद्दाम रजा काढून ठाण्याहून आला होता. बाबांची गाडी पुन्हा फिरली पाहिजे, असं तो वाडीत सगळ्यांना सांगत होता. नवे रूळ त्याने हौसेने आणले होते. डोंगराभोवती ते मांडून बघताना वळण कुशीत शिरेना, म्हणून त्याने पेन्सिलने प्लास्टरवर खूण केली होती.

"एवढा कोपरा उडवला की बसतंय," तो म्हणाला.

"तुझ्या बाबांनी महिनाभर खपून केलाय रे तो," काकू म्हणाल्या.

"मग काय करू आई? गाडी नको फिरवू?"

दादाने करवत उचलली आणि खुणेवर टेकवली. पहिल्याच ओढीला पांढरी पूड लादीवर पडली. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, जरा डोंगर धरतेस?"

मी परात खाली ठेवली.

"नको," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. "दादा, डोंगर कापू नकोस. रूळ माळ्यावर आहेत, धोतरात. काकांनी आणि मी केलेत."