मालदीवची वाट, मुन्शी घाटावरून

मुन्शी घाटावर रोज बेंबीत मोहरीचं तेल जिरवत बसणाऱ्या त्या पहिलवानाचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलायचं काम माझं. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी त्याच्यापुढे नकाशा पसरला.

"मालदीवला आठवडाभर बोटीवरच राहून समुद्रात बुड्या मारायच्यात. उत्तरेच्या बेटांनी जाऊ की दक्षिणेच्या? एजंटाला आजच कळवायचंय. शार्कचं मी बघून घेईन!"

बेंबीतलं बोट थांबलं. घाटाला लावलेल्या ज्या साखळीला लटकून मी रोज कमरेएवढ्या गंगेत डुबकी मारतो, तिच्याकडे त्यानं पाहिलं.

"गुरु, जिधर सिक्कड़ लगा हो, उधर से जाइए."

"उद्या साखळी सोडून डुबकी मारतो, मग मार्ग ठरवतो!" मी गरजलो.

मालदीव अजून तिथंच आहे. मीही साखळीपाशीच.