सव्वीस वेळा ‘नाही’

आमचे हे घरात धाडधाड चालतात. दार आपटतील, स्टुलाला ठेचकाळतील आणि वर स्टुलालाच शिव्या घालतील! वाळवंटात मात्र मांजराच्या पावलांनी.

नोकरी म्हणाल तर वाळवंटातली माती तपासणाऱ्या केंद्रात मदतनीस. नमुने आणायचे, चाळायचे, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिथल्या वाळूवर दुधावर यावी तशी काळपट साय असते, आणि ती जिवंत असते. डोळ्यांना न दिसणारे जीव हवेतलं नत्र तिच्यात ओढून घेतात, त्यावर झुडपं जगतात. म्हणून सगळे लाकडी फळ्यांवरून चालतात. आमचे शहाणे पहिल्याच दिवशी उडालेली टोपी धरायला गेले, तोल गेला आणि उजवा बूट थेट सायीत!

तिथल्या शास्त्रज्ञ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ठशाभोवती चार खुंट्या ठोकल्या. "हा कधी भरतो, ते आता तुम्हीच बघायचं," म्हणाल्या.

दरवर्षी एकदा पाणी फवारायचं. जिवंत साय पाच मिनिटांत हिरवी होते. ठसा मात्र तसाच कोरडा, मेलेला. हे वहीत ‘नाही’ लिहायचे आणि त्या दिवशी घरी जेवायचे नाहीत.

मी चिडायचे. "अहो, माणूस नाही मारलात!"

"माणूस ओरडला तरी असता," म्हणायचे.

अशी सव्वीस वर्षं गेली. आता महिनाअखेरीला निवृत्ती, म्हणजे यंदाची खेप शेवटची. म्हटलं, मीही येते. बघू तरी ही माझी सवत!

पहाटे पोहोचलो. आभाळ आणि वाळू एकाच रंगाची, जमीन कुठे संपते तेच कळेना. मी फळीवरून चालत होते की झोपेत, देव जाणे. माझा श्वासही मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

ह्यांनी पाणी फवारलं. आजूबाजूला हिरवा रंग हळूच वर आला, स्वप्नात यावा तसा. ठसा तपकिरीच. ‘नाही’ लिहायला ह्यांनी वही उघडली.

मी वाकून बघतच राहिले होते. "अहो, थांबा! टाचेपाशी बघा."

बोटभर हिरवी रेघ होती. हे फळीवर गुडघे टेकून बसले. "भरायला लागलं गं," एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. इतकी वर्षं चेष्टा केली, माझी मलाच लाज वाटली.

वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. ‘हो’ मी लिहिलं. परतताना बघते तर काय, फळीवरसुद्धा मी चवड्यांवर चालत होते.