गाण्यानंतरची दोन मिनिटं

घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर आहे. वेल्डिंगचे रॉड न्यायला आलेला माणूस दारात जरा रेंगाळला तरी मी खेकसतो. त्यामुळे बायकोने फोनवर बोलत बोलत जपानी मालिका बघायची टूम काढली, तेव्हा पहिली अडचण झाली ती गाण्याची.

मालिका हिंदीत डब केलेली होती. स्टेशनजवळ जेवणाचे डबे विकणारी एक बाई आणि बोटीवर नोकरीला गेलेला तिचा नवरा. ‘आपलंच आहे की हे,’ ती म्हणाली होती. शीर्षकगीत तेवढं जपानीच ठेवलेलं. गिटारचा खणखणाट, ड्रमचा दणका आणि त्यावर जीव तोडून गाणारा एक पोरगा. गाणं भलतंच गाजलं होतं म्हणे. आमच्या ऑफिसातला फिलिपिनो क्लार्कसुद्धा बिलं तपासताना तेच गुणगुणायचा.

रविवारी माझे दोन वाजले की तिकडे चिपळूणला तिचे साडेतीन. बुधवारी आणि शनिवारी तिचं डायलिसिस व्हायचं, म्हणून रविवारी तिला जरा हुशारी वाटायची. मालिका टॅबवर, फोन कानाला. ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघं एकदम सुरू करायचो. गाणं आलं की मी बटण दाबून पुढे. ती मात्र ते सबंध ऐकायची. मग मी दीड मिनिट पुढे आणि ती मागे. मी हसलो की वैतागायची.

“अहो, थांबा ना! माझ्याकडे अजून गाणंच चाललंय.”

“त्यातलं तुला कळतं तरी काय?”

“शब्द कशाला कळायला हवेत? आवाजावरून कळतं. कुणाची तरी वाट बघतोय तो.”

माझी घाई कशासाठी, तर कपड्यांसाठी. आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्याला एकच वॉशिंग मशीन. रविवारी माझी पाळी तीनला. पाच मिनिटं उशीर झाला की पुढचा माणूस आपले कपडे टाकून मोकळा.

शेवटचा भाग मी सुटीवर गेलो की शेजारी बसून बघायचा, असं आमचं ठरलं होतं. पण एका मोठ्या कारखान्याच्या शटडाउनचं, म्हणजे कारखाना थांबवून करायच्या दुरुस्तीचं काम आलं आणि सुटी लांबली. मॅनेजर म्हणायचा, “इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ पक्का.” असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी तिला सांगितलं तेव्हा ती चिडली नाही.

“मग या रविवारी फोनवरच बघू या,” म्हणाली.

मला वाटलं, हिला उत्सुकता आवरत नाहीये. इतका कसा मी ठोंब्या?

त्या भागात सुरुवातीला गाणं आलंच नाही. पहिल्यांदाच आम्ही दोघं अगदी बरोबरीने चाललो, एकाच वेळी हसलो. शेवटी बाईने दुकानाचं शटर ओढलं, नावं सरकायला लागली आणि त्यावर गाणं सुरू झालं. तीन वाजत आले होते. मी टॅब बंद केला.

“चल, ठेवतो. मशीनची पाळी आहे.”

“अहो, गाणं संपल्यावर अजून दोन मिनिटं दिसतायत. नवरा आला का नाही, ते त्यात असेल.”

“मग बघ तू आणि सांग मला.”

“नको. तुम्ही आल्यावर बघू. तेवढं तरी राहू दे.”

‘बरं, बरं’ म्हणत मी फोन ठेवला आणि बादली घेऊन धावलो. मशीन मिळालं.

त्याच बुधवारी, डायलिसिस चालू असतानाच, ती गेली. सुटी तासाभरात मंजूर झाली. मॅनेजरने स्वतः तिकीट काढून दिलं. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं माझ्यासाठीच थांबलेली होती.

तेरावं करून परत आलो. पहिल्याच रविवारी दोन वाजता हात आपसूक टॅबकडे गेला. मालिकेच्या अ‍ॅपची वर्गणी आमची एकच, पण त्यात तिचं खातं वेगळं होतं, ते उघडलं. कुठवर बघून झालंय ते दाखवणारी, मालिकेच्या चित्राखालची लाल रेघ जवळजवळ टोकाला पोचली होती, अगदी किंचित राहिली होती. मला वाटलं होतं, नंतर तिने हळूच बघून घेतलं असेल. नव्हतं बघितलं. माझ्यासाठी ठेवलं होतं.

रेघ थोडी मागे नेऊन मी गाणं लावलं आणि पहिल्यांदा ते पूर्ण ऐकलं. तो पोरगा खरंच कुणाची तरी वाट बघत होता. मला रडू आवरेना. दारात कुणीतरी येऊन म्हणालं, “भाई, मशीन खाली है, तेरा नंबर.”

“तू डाल दे,” मी म्हणालो.

गाणं संपलं. पडद्यावर दुकानाचं बंद शटर आलं आणि मी थांबवलं.

आता दर रविवारी एवढंच करतो. गाणं सबंध ऐकतो आणि ती जिथे थांबली, तिथे थांबतो. नवरा आला की नाही, ते मला तिच्याआधी बघायचं नाही.