इंजिनाचा हार आणि माझा पायगुण

लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. मी पनवेलच्या स्टँडजवळच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली आणि सासर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. होडीला नवऱ्याने नुकतंच एक वापरलेलं इंजिन बसवलं होतं. म्हणजे घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या, ते इंजिन आणि मी. सासूबाईंची दोघांवर सारखीच नजर.

दसऱ्याला त्यांनी इंजिनाची पूजा केली. हळदकुंकू वर लावलं, पण हार मात्र खाली, पाण्यात बुडणाऱ्या पंख्याच्या वरच्या भागाला बांधला. का, तर देवाच्या पायांवर फुलं वाहतात म्हणून. सुटू नये म्हणून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने पक्की गाठ मारली. दसऱ्याचा हार हाताने काढायचा नसतो, आपोआप गळून पडू द्यायचा. त्यामुळे त्याला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आम्ही चौघं त्याच होडीतून सासूबाईंच्या माहेरी, उरणच्या बाजूला निघालो. धक्क्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "बगू आता सुनंचा पायगुण!"

हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. इंजिन वाटेत बंद पडलं, तर दोष माझ्या पायांचा ठरणार होता, आणि असा दोष जन्मभर पुरतो.

खाडीच्या मध्यावर इंजिनाचा धोक्याचा भोंगा सुरू झाला, न थांबता. इंजिनाचा जोर आपोआप उतरला. नवऱ्याने ऑइल पाहिलं, ते काठोकाठ होतं. सासऱ्यांनी बॅटरीला दोन चापट्या मारल्या आणि म्हणाले, "भोंग्याची वायर काप, गप होल." सासूबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मला असा संताप आला की पाय उचलून कुठे ठेवू ते कळेना.

मान फिरवली तर लक्षात आलं, इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, ती नाही. बसवलं त्या दिवशीच नवऱ्याने सांगितलं होतं, "मुततंय तोवर घोर नाय. थांबला की समज, आत पाणी जात नाय, तापून मरल."

पण हे सासऱ्यांसमोर बोलायचं कसं? त्यांच्यापुढे मी मोठ्याने शिंकतही नव्हते. मी नवऱ्याचा शर्ट ओढला.

"अहो, त्याचं ते... होत नाहीये."

"कुणाचं?"

"इंजिनाचं!"

"काय होत नाय?" भोंग्यापायी तो ओरडत होता.

मीही ओरडले, "मुतत नाहीये ते!"

नेमकं त्याच क्षणी सासऱ्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. भोंगा थांबला आणि माझं वाक्य खाडीभर एकटंच घुमलं. सासरे काठावरच्या तिवरांच्या झाडीकडे बघू लागले.

नवऱ्याने इंजिन वर उचललं. पाणी आत ओढणाऱ्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा, त्यावर आंब्याची पानं, आणि सगळं नायलॉनने गच्च आवळलेलं. आम्ही तिघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाण्याकडे पाहत होत्या.

"आई, हार हातानं काढत नायत ना?" नवरा म्हणाला.

"मग सुरीनं काढ," त्या म्हणाल्या.

जाळी साफ केली, इंजिन थंड होऊ दिलं, चालू केलं. धार लागली. भोंगा गप्प.

सासूबाईंच्या माहेरी बायका गोळा झाल्या. आता ही बाई काय सांगते, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. सासूबाईंनी मला शेजारी ओढलं आणि सुरुवात केली, "इंजिन जलालाच होता! हिनं बगला म्हणून वाचला. पायगुण असा लागतो!"

हाराचं नाव नाही. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी पदराआड माझा हात घट्ट दाबला. त्यांचा हात घामेजलेला होता. या बाईला माझी भीती वाटतेय, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या मला पहिल्यांदाच मनापासून आवडल्या. मी तोंड मिटलं आणि पायगुण ठेवून घेतला.