माशीसर आणि खिशावरची माशी

कुणाच्याही घरी लग्नाचा अल्बम पुढे आला की माणसं आधी नवरी बघतात. आमचे माशीसर हार बघत. खिशातून भिंग काढून ते त्या हाराच्या फुलांत डोकं घालून बसत आणि घरच्या बाई चहा घेऊन आल्या की म्हणत, "काई नाई हो. नुसत्या मधमाश्या हायेत." बाईंना उगाच वाटे, लग्नात काहीतरी राहून गेलं.

सर सौंसरला प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचा जीव जडला होता परजीवी गांधीलमाशीवर. ही माशी जिवंत अळीच्या पोटात अंडी घालते आणि पुढे फुलपाखराऐवजी माशीच बाहेर येते. संत्र्याच्या बागांतून सर तिचे फोटो काढत, पांढुर्ण्याच्या स्टुडिओत धुवायला टाकत आणि पंखांवरच्या शिरा बघून तिचं कूळ ओळखत. एकदा स्टुडिओवाल्याने माशीच्या शेपटीचे लांब केस म्हणजे निगेटिव्हवरचे ओरखडे समजून ब्रशने मिटवून टाकले. सरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मग दुसरा स्टुडिओ जवळपास नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा धरलं.

त्या वर्षी मी लग्नासाठी अडून बसले होते. मुलगा पांढुर्ण्याला पोस्टात, बौद्ध घरातला. आम्ही मोहगावचे संत्र्यावाले कुणबी. मी दुसऱ्या कुणाशी करणार नव्हते आणि बाबा हो म्हणणार नव्हते. शेवटी बाबांनी मुलाचा फोटो सरांपुढे टाकला. बोरगावच्या एका बागेत काढलेला.

"सर, तुमी फोटूवरून सारं वळखता. पाहा, कसा वाटून राह्यला?"

सरांनी भिंग लावलं. मुलाच्या खिशावर एक माशी बसली होती. मला ती ठाऊक होती, बाबांना नव्हती.

"कूळ तं झकास हाय," सर म्हणाले. "पन जात फोटूवरून सांगता येत नाई."

"जात मले मालूम हाय. तेच तं दुखनं हाय."

सर चकित झाले. "तुमाले मालूम? मारून पाह्यलं का?"

"मारून?"

"मंग? टाचनीवर घ्या लागते, पाय अलग करा लागते, तवा कुठं जात समजते. अन् समजते तवा हातात जितं काई राह्यत नाई."

बाबा फोटोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"राहू द्या मंग," ते म्हणाले. "नाई पाहाची जात."

सर खरंच माशीबद्दल बोलत होते, की सगळं समजून माशीआड लपले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला भीती वाटे की ते खरं सांगतील.

लग्नाला आमच्याकडून बाबा आणि सर, एवढेच आले. नंतरही बाबा माझ्या नवऱ्याला "पोस्टवाले" म्हणत, तेही तोंड दुसरीकडे करून.

काही वर्षांनी सर अचानक गेले. मी फार रडले. तिरडी उचलताना एक खांदा कमी पडला, तेव्हा बाबांनी आमच्या यांना हात धरून पुढे घेतलं. मोहगावच्या कुणीतरी हळूच विचारलं, "हे कोन होय?"

बाबा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावई होय माहा."